अनुभव : खेळाचा तास, व्यायाम आणि आरशातले आपण

मेहरूणकाठ
आज सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळत होत्या. ट्रॅक पँट, टी-शर्ट, ओढणी नाही. एक ओरडली, "आठशेला तीन-दहा!" म्हणजे आठशे मीटर तीन मिनिटं दहा सेकंदांत, आणि मला १९९७ आठवलं. अकरावीत मी रोज पहाटे पळायचे. पोटऱ्या भरल्या, तर मावशी म्हणाली, "पाय पोरासारखे झाले, आता पुरे." मी पळणं सोडलं. पुढे कित्येक वर्षं पाय घोट्यापर्यंत झाकूनच फिरले. त्याच घरात भाऊ पोटऱ्या भराव्यात म्हणून बैठका मारायचा आणि आई त्याला दूध-केळी द्यायची. तुमचंही लिहा, मुलांनीसुद्धा.

कापूसवाला_धुळे
पोलीस भरतीला मुलांची छाती न फुगवता ७९ सेंमी लागते, फुगवून आणखी ५. माझी ७६. मित्र टेप लावून आकडा मोठ्यानं सांगायचा. गरुड मैदानावर पळण्यात मी पहिल्या तिघांत, पण डोक्यात ७६च. भर मे महिन्यात शर्टाखाली दोन बनियन घालायचो. पुढे ७९ झाली, तरी आरशात तोच जुना दिसायचा. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. बहीण वाचतेय इथे.

त्याचीच_बहीण
वाचलं दादा. धुणं मीच टाकायचे ना, दोन-दोन बनियन कसे निघतात म्हणून आई तुलाच बोलायची. सांगायचं होतंस रे.

खो_खो_मॅडम
नंदुरबार जिल्ह्यात खेळाचा तास घेते. आठवीपर्यंत मुली डावासाठी भांडतात. नववीत त्याच "मॅडम, पोट दुखतंय" म्हणत भिंतीला टेकतात. काहींचं खरंच दुखतं. बाकीच्यांना पळताना कुणी बघायला नको असतं. मुलं डबल बारवरून उतरली की आधी स्वतःचे दंड बघतात, एखादा बारीक पोरगा तिकडे फिरकतच नाही. आमच्याकडे तपासणीत वजन वर्गासमोर पुकारायचे, ते मी भांडून बंद केलं. आता प्रत्येकाच्या वहीत फक्त पळण्याची वेळ आणि दोरीवरच्या उड्या. परवा एक अबोल मुलगी आपणहून म्हणाली, "मॅडम, ४० च्या १२० झाल्या." खूप बरं वाटलं.

अमळनेरकर
कबड्डी खेळायचे. लग्नाच्या ब्लाउजला शिंपी म्हणाला, खांदे फार रुंद आहेत. त्याच खांद्यांनी चढाया अडवल्या होत्या हो! तरी फोटोत अंग चोरून उभी आहे. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

पांझरा
मना पोर्‍या बी तसाच शे. जिममा जास नि दिनभर आरसामा देखस. जेवाले बोलावं तर पावडर पेस. काय सांगवा त्याले?

खो_खो_मॅडम
पांझरा, रागावू नका. एक दिवस त्याच्यासोबत लळिंगचा किल्ला चढा. वर दम खाताना बोलेल तो.

केळीबाग
मेहरूणची बोरं आली का बाजारात? माहेरची आठवण आली.

मेहरूणकाठ
केळीबाग, दिसली की कळवते. अमळनेरकर, तो फोटो टाका, आम्हाला खांदे बघायचेत. मी उद्या सहाला तलावावर जातेय. आठशेची खूण कुठे आहे, ते त्या मुलींनाच विचारते.