धूळ पुसायची की नाही? मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली फेरारी

आडवाटेचा

फेब्रुवारी 2015 मध्ये कामानिमित्त पॅरिसला होतो. पोर्त द व्हर्सायला तेव्हा रेत्रोमोबिल हे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. आर्तक्युरियाल या लिलाव कंपनीने तिथे एक दालन मुद्दाम अंधारं ठेवून त्यात एकाच माणसाच्या गाड्या मांडल्या होत्या. लिलावात निघाल्या एकूण 59. रॉजे बायों हा पश्चिम फ्रान्समधला मालवाहतुकीचा व्यावसायिक. युद्धापूर्वीच्या सुंदर गाड्या भंगारात चाललेल्या पाहून 1950 च्या दशकापासून तो त्या गोळा करत गेला. संग्रहालय काढायचं होतं. पुढे धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या पत्र्याच्या शेडखाली पडून राहिल्या. 2014 मध्ये कुटुंबाने लिलाववाल्यांना बोलावलं, तेव्हा एका बंद गॅरेजात मासेरातीच्या शेजारी, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली ही निघाली: 1961 ची फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर. उघड्या टपाची, आखूड व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली), पुढच्या दिव्यांवर पारदर्शक आवरण असलेली. अभिनेता अलँ दलों याच्याकडे ती काही काळ होती.

लिलाववाल्यांनी ती धुतली नाही. सापडली तशी, धुळीसकट विकली. अंदाज 95 लाख ते 1 कोटी 20 लाख युरोंचा होता. शुल्क धरून 1 कोटी 62 लाख 88 हजारांना गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने शंभर कोटी रुपयांच्याही वर.

माझं मत ठाम आहे. अशा गाडीला कुणी हात लावू नये. नवा रंग नको, नवं चामडं नको, इंजिनही खोलायला नको. चकचकीत केलेल्या कॅलिफोर्निया स्पायडर जगात पुष्कळ आहेत. लांब आणि आखूड दोन्ही मिळून शंभराहून थोड्या जास्त बनल्या, त्यातल्या बहुतेकींची कधी ना कधी डागडुजी झालेली असणार. चाळीसेक वर्षं कुणाचाच हात न लागलेली गाडी मात्र परत मिळत नाही. त्या दालनात माणसं देवळात बोलतात तशी हळू आवाजात बोलत होती. रंगवून ठेवलेल्या गाडीपुढे असं होताना मी पाहिलेलं नाही.

मेस्त्रीपोर

आडवाटेचा, तुम्ही पाहून आलात, मला ते भाग्य नाही. पण मी वडिलांच्या हाताखाली कोल्हापुरात उद्यमनगरात मोठा झालो. "हात लावू नये" हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो.

गाडी उभी राहिली की जशीच्या तशी राहते, असं तुम्हाला वाटतंय. ती राहत नाही. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरतात. टाकीतलं पेट्रोल आटून त्याचा लाखेसारखा चिकट थर होतो आणि इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरची जेट, म्हणजे बारीक भोकं, बंद पडतात. ब्रेकच्या सिलिंडरात पाणी धरतं आणि आतून गंजतं. ऑइल सील वाळून तडकतात, वायरीवरचं आवरण हात लावला की भुगा होतं. पत्र्याचं तर विचारूच नका. गंज रविवारची सुट्टी घेत नाही. आज न लावलेला हात दहा वर्षांनी दुप्पट लावावा लागतो.

आणि ते इंजिन काय आहे? बारा सिलिंडर, 2953 सीसी. एका सिलिंडरचे साधारण 250 सीसी होतात, गाडीच्या नावातले 250 तेच. अभियंता जोआकिनो कोलंबोने आखलेलं, वर वेबर कंपनीचे तीन दुहेरी कार्बोरेटर. ते चालू असताना कसं वाजतं हे मी फक्त ध्वनिफितीवर ऐकलंय आणि तेवढ्यानेही अंगावर काटा आला. फेरारीच्या बॉडी बनवणाऱ्या स्कालिएत्तीच्या कारखान्यात इटलीतल्या मोदेनाच्या कारागिरांनी ज्याच्यासाठी पत्रा ठोकला, ते काम ती गाडी चाळीस वर्षं करत नव्हती. तुम्ही तिला अजून चाळीस वर्षं तसंच ठेवा म्हणता. माझे वडील म्हणतात, बंद गाडी आजारी असते. मला ते पटतं.

निशिगंध

मी वारसा-वास्तूंच्या संवर्धनाचं काम करते, त्यामुळे हा वाद माझ्या रोजच्या कामातला आहे. माझा कौल आडवाटेचा यांच्याकडे, पण त्यांच्या कारणासाठी नाही.

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे काय, ते गावोगावी दिसतं. काळ्या दगडाच्या देवळाला ऑइल पेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, कळसाला सिमेंट. करणाऱ्याची श्रद्धा खरी असते, पैसा घामाचा असतो, आणि तरी आठशे वर्षांच्या छिन्नीच्या खुणा एका उन्हाळ्यात जातात. पंढरपूरच्या मंदिरात 2024 मध्ये नंतरच्या काळात बसवलेल्या फरशा काढून जुना दगड मोकळा केला, तेव्हा किती लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्याच्यापुढे रांगेत उभे राहायचो ते मुळात असं दिसतं. तिथे दगड खाली शिल्लक होता म्हणून ते जमलं. गाडीचा मूळ रंग खरवडला की त्याच्याखाली नुसता पत्रा असतो. परतीची वाट नाही.

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, 2012 मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली. तिचा रोखही वास्तूंच्या सनदांसारखाच आहे: आधी जपणूक, अगदी गरज असेल तिथेच दुरुस्ती, आणि जे केलं त्याची नोंद.

मेस्त्रीपोर, गंज थांबवणं हा जपणुकीचाच भाग आहे. त्यावर आपलं भांडण नाही. भांडण नव्या रंगाचं आहे.

हिशेबी

सगळे भक्तिभावाने बोलताहेत म्हणून थोडं रोखठोक लिहितो. राग नसावा.

ही धूळ विकाऊ होती. अंधारं दालन, वरून सोडलेला झोत, शेजारी दलोंचं नाव: हे सगळं किंमत वाढवायला होतं आणि किंमत वाढली. उद्या दुसऱ्या कुणाला शेडमध्ये गाडी सापडली तर तो झाडू हातात घेईल का? धूळ जपणं ही संग्राहकांच्या बाजारातली आजची आवड आहे. काही दशकांपूर्वी हीच गाडी आरशासारखी चकचकीत करूनच विकली असती, आणि तेव्हाही लोकांनी तेच योग्य मानलं असतं.

बाजार नेमकं कशाला पैसे देतो, ते 2023 मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या मॉन्टेरीच्या लिलावात 1954 ची फेरारी 500 मोन्दियाल स्पायडर विकली गेली. तीही उघड्या टपाची, पण जळालेली, चेपलेली, गाडी म्हणून ओळखू न येणारी. 18 लाख 75 हजार डॉलर! त्यात जपण्यासारखी धूळही नव्हती. तिथे विकला गेला तो चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा ओळख क्रमांक, आणि त्याच्याभोवती पुन्हा गाडी उभी करायचा हक्क. म्हणजे एकीकडे न पुसलेल्या धुळीला किंमत, दुसरीकडे जवळजवळ सगळीच नव्याने बांधावी लागेल अशा गाडीलाही किंमत. यात तत्त्व कुठे आहे, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

माझं म्हणणं एवढंच: ज्याने पैसे मोजले त्याने ठरवावं. देऊळ गावाचं असतं, गाडी मालकाची असते.

निशिगंध

हिशेबी, शेवटचं वाक्य मान्य नाही. कायद्याने गाडी मालकाची, हे बरोबर. पण तो मालक किती वर्षांचा? दलोंकडे ती काही वर्षं होती, बायोंने 1971 मध्ये घेतली, मग त्याच्या घरच्यांकडे होती, आता आणखी कुणाकडे. गाडी या सगळ्यांना पुरून उरली. मधल्याच एका माणसाने जे पुसलं ते पुढच्या सगळ्यांचं गेलं.

माझ्याच घरचं सांगते. आजोबांची डुक्कर फियाट होती. बॉनेटच्या आतल्या बाजूला ते पिवळ्या रंगाने, बारीक ब्रशने, ऑइल बदलल्याच्या तारखा लिहीत. 1962 पासूनच्या. सोबत कधीकधी एखादा शब्द: "गाणगापूर", "बेबीचं लग्न". बेबी म्हणजे माझी आत्या. आजोबा गेल्यावर काकांनी हौसेने गाडी एका गॅरेजला रंगवायला दिली. त्यांनी मन लावून काम केलं, बॉनेट आतूनही घासून रंगवलं. गाडी नव्यासारखी होऊन दारात आली आणि आजी आत जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. त्या गॅरेजचा दोष नव्हता. आम्ही कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

रानवारा

ताई, हे वाचून आमच्या गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं. आमच्याकडे फक्त सर्व्हिसचा एक जुना स्टिकर आहे, आता तो काढणार नाही.

एक माहितीची भर. 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांवरच्या खाजगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. त्यात अटच आहे की गाडी मूळ रूपात जपलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. रोजच्या वापरालाही मनाई आहे. म्हणजे "मालकाने ठरवावं" इथे आपला कायदासुद्धा पूर्ण सहमत नाही.

स्टुटगार्टकर

निशिगंध यांच्या मुद्द्याला बळ देणारी गोष्ट, पण त्यात मेस्त्रीपोर यांचाही वाटा आहे. कॅलिफोर्नियातलं पेबल बीच हे जुन्या गाड्यांचं सगळ्यात मानाचं प्रदर्शन, 1950 पासूनचं. आरशासारखा रंग, एक ओरखडा नको, अशी तिथली ख्याती. 2024 मध्ये तिथला सर्वोच्च मान पहिल्यांदाच डागडुजी न केलेल्या, जपलेल्या गाडीला मिळाला: 1934 ची बुगाटी टाइप 59 स्पोर्ट्स. बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याची ती होती. रंग जुना, ओरखडे तसेच. पण ती स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर चालते. ती बंद पडलेली वस्तू असती तर मला वाटतं असा मान मिळाला नसता.

हिशेबी तुम्ही याला आजची आवड म्हणता. असेलही. पण ज्या आवडीने काही नष्ट होत नाही ती चुकली तरी पुढच्यांना बदलता येते. खरवडण्याची आवड चुकली तर बदलता येत नाही. मला तरी तत्त्व इथेच दिसतं.

हिशेबी

हा मुद्दा मी मान्य करतो. मोन्दियालचा दाखला मात्र मागे घेत नाही. तिला कुणी हात लावायचा नाही म्हटलं, तर ती जळका पत्राच राहील.

मेस्त्रीपोर

हिशेबी, ती गोष्ट वेगळी. तिथे गेलेलंच होतं, म्हणून बांधायचं. इथे आहे, म्हणून जपायचं. निशिगंधताईंची फियाट वाचल्यावर रंगाबाबत मी मागे आलो. रंग राहू दे, सीटचं चामडं फाटलं असेल तर मागून कापड लावून धरा, वरून नवं नको.

पण इंजिन? आडवाटेचा, तुम्ही अजून उत्तर दिलं नाही. ती बुगाटी चालते, हे वाचलंत ना?

आडवाटेचा

वाचलं. दोन दिवस विचार करत होतो, म्हणून उशीर झाला.

मी त्या दालनात उभा होतो तेव्हा मला ती शांतता फार आवडली होती. आता वाटतं, बायोंला मात्र ती आवडली नसती. भंगारात जाणाऱ्या गाड्या त्याने लोकांनी पाहाव्यात म्हणून वाचवल्या होत्या, मासिकांखाली पुराव्यात म्हणून नाही. ढीग त्याच्या पडत्या काळाचा होता, स्वप्नाचा नव्हता. त्या ढिगाला मी गाडीचा भाग समजत होतो. तेवढं माझं चुकलं.

रंग, चामडं, डॅशबोर्डावरचे ओरखडे यांना हात नको, हे अजूनही म्हणतो आणि त्यावर मागे येणार नाही. इंजिन चालू करा. पण कसं, ते तुम्हीच सांगा. मूळ भाग न बदलता होतं का?

मेस्त्रीपोर

पुष्कळसं होतं. घाई केली तरच बिघडतं. चावी फिरवायची नाही, स्टार्टरला तर हातच लावायचा नाही. बाराही स्पार्क प्लग काढायचे आणि प्रत्येक भोकातून गंज सोडवणारं पातळ ऑइल सोडायचं. मग थांबायचं. आठवडा, दोन आठवडे. वडील रोज सकाळी थोडं थोडं घालायचे. त्यानंतर हाताने, अगदी सावकाश फिरवून बघायचं. अडलं तर जोर करायचा नाही, परत ऑइल आणि परत थांबायचं. सील आणि रबरी नळ्या नव्याच लागतील, त्याला इलाज नाही. जुन्या काढलेल्या फेकू नका, डब्यात तारीख लिहून ठेवा, ताई म्हणतात तशी नोंद होईल. कार्बोरेटर खोलून धुवा, बदलू नका.

आणि या सगळ्याच्या आधी टाकी रिकामी करा. तिच्यातला थेंबही इंजिनापर्यंत जाऊ देऊ नका.