मांजराला दाराबाहेर सोडावं का? माझं मत: नाही

विश्रामबाग, सांगली:
गेल्या महिन्यात आमचा बोका गेला. साडेतीन वर्षांचा होता. रात्री जेवून बाहेर पडायचा आणि पहाटे दार खरवडायचा, हा त्याचा शिरस्ता. त्या आठवड्यात दोन दिवस नुसता पडून राहिला. तिसऱ्या दिवशी हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, विष खाल्लेला उंदीर पोटात गेला असणार. घुशी-उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकतात ना, त्यानं रक्त गोठायचं थांबतं. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून फिरतो, आणि असला उंदीर मांजराला आयता सापडतो. के-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता.

आता त्याची बहीण उरलीय. तिला मी घरातच ठेवते. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला कोंडलं तर पाप लागतं. मला ते पटत नाही. पाळलं असेल तर बाहेर सोडू नये. तुमचं काय मत?

गावभाग, सांगली:
ताई, वाचून वाईट वाटलं. तरीही मी विरोधातच. आमच्या वाड्यात चार पिढ्या मांजरं आहेत आणि त्यांच्यासाठी दार कधी लावलं नाही. मांजर माणसाजवळ आलं तेच उंदरांमागे, धान्याची कोठारं झाली तेव्हा, नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी. ते दोन खोल्यांत कोंडलं तर लठ्ठ होणार, बोक्यांची लघवी तुंबणार.

आणि पुराचं काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही रात्रीत घर सोडलं, मनी हाती लागली नाही. दहा दिवसांनी परतलो तर शेजारच्या कौलांवरून ओरडत खाली आली. वाटा पायाखालच्या होत्या म्हणून जगली. घरातच वाढलेलीला कुठली वाट सुचली असती?

मिरज:
दादा, दुकानातल्या, वाड्यातल्या मांजराचं मी समजू शकते. पण पोटभर जेवलेलं मांजरही शिकार करतंच. आमच्या मधुमालतीत बुलबुलानं घरटं केलं होतं, तीन पिल्लं. शेजारच्या मांजराच्या गळ्यात घुंगरू होतं. ते ऐकून मोठा पक्षी उडेल, पंख न फुटलेलं पिल्लू कुठं जाणार? तिन्ही गेली. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ साली एका अभ्यासात मांडला होता. कॅनबेरात तर १ जुलै २०२२ पासून जन्मलेलं मांजर मालकाच्या आवारातच ठेवावं लागतं.

कुपवाड:
त्या अमेरिकेच्या आकड्यातही बहुतेक शिकार बेवारस मांजरांची आहे, पाळलेल्यांची नाही. मग बेवारस मांजरं येतात कुठून ते बघा. भाटी पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत व्यायते. पिलं पोत्यात घालून मार्केट यार्डामागं सोडणारी माणसं मी स्वतः बघितलीत. दार लावायचं नंतर, आधी नसबंदी.

तासगाव:
बेदाण्याच्या शेडवर आमची दोन मांजरं आहेत, त्यांना कोंडणं जमणारच नाही. पण मी शेडवर उंदराचं औषध टाकायचं बंद केलं. एकतर मांजर ठेवा, नाहीतर औषध.

विश्रामबाग, सांगली:
तासगावच्या दादांचं शंभर टक्के पटलं. पण माझ्या हातात माझंच घर आहे. गल्लीत वीस घरं, कोण कधी वड्या टाकतं ते कळत नाही. म्हणून दार बंदच राहणार.

गावभागातले दादा, पुराचा मुद्दा मात्र मनाला लागला. त्याचा विचार मी केलाच नव्हता. आता झाकणाची टोपली आणलीय आणि रोज संध्याकाळचं खाणं त्यातच देते, म्हणजे वेळ आली तर स्वतःहून आत शिरेल. बाल्कनीला जाळी मारलीय. पहिले आठ दिवस रात्रभर दारापाशी ओरडली, ते ऐकवत नव्हतं. झोपण्याआधी अर्धा तास दोरीमागं पळवायला लागले, तशी शांत झाली.

गावभाग, सांगली:
टोपलीचं उत्तम केलंत. मी दार लावणार नाही, पण धाकट्या बोक्याची नसबंदी राहिलीय ती या आठवड्यात उरकतो. आणि ताई, जाळीच्या खालच्या कडेला पट्टी ठोकून घ्या. मांजर तिथूनच जाळी उचलतं.