2024चा नव्हे, पण 2024मध्ये मला लाभलेला अल्बम

2024च्या आवडत्या अल्बमांच्या याद्या चालल्या होत्या, तेव्हा कुणीतरी म्हटलं की हल्ली अल्बम कुणी ऐकतच नाही, सुटी गाणी ऐकून पुढे जातात. मी त्याला अपवाद. फोंडा-पणजी बसमध्ये रोज जाऊन-येऊन दोन तास हाताशी असतात, अल्बम सलग संपतो.

यादीतला माझा पहिला नियमभंग आधीच कबूल करतो: 'अ‍ॅज वी स्पीक' 2023चा. पण मला तो सापडला 2024च्या फेब्रुवारीत, ग्रॅमीच्या बातमीमुळे. झाकीरभाईंचा (झाकीर हुसेन) तबला, बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बास आणि राकेश चौरसियांची बासरी. बँजो म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोला! पण यातला बँजो तबल्याच्या बोलांना असा जाऊन भिडतो की कोण कुणाला साथ करतंय ते कळेनासं होतं. त्यातली 'पश्तो' ही रचना तर बसमध्ये ऐकूच नये. मी मांडीवर ठेका धरतो नि शेजारचा सरकून बसतो.

झाकीरभाईंच्याच 'शक्ती' या बँडचा 'धिस मोमेंट'ही ऐकला. चांगलाच आहे, पण पुन्हापुन्हा लावावासा वाटला नाही.

15 डिसेंबर 2024ला झाकीरभाई गेले. त्यानंतर आठवडाभर हेडफोन पिशवीतच राहिले.

आणि हो, किशोरीताई आमोणकरांचा भूप राग दरवर्षीच यादीत असतो, तो मोजत नाही. त्यांच्या आई, गायिका मोगूबाई, आमच्या गोव्यातल्या कुर्डीच्या, एवढा पक्षपात चालायचाच!