गाडीत बसवलेला वापरलेला एचएफ संच ट्रान्समिट करताना बंद पडतो

प्रश्न

सप्रेम नमस्कार. १९९० च्या दशकातला १०० वॅटचा एक एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) ट्रान्सीव्हर, म्हणजे संदेश पाठवणारा व ऐकणारा रेडिओ संच, मी वापरलेल्या स्थितीत घेतला आहे. टेबलावर, १३.८ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर आणि डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या, शक्ती जिरवणाऱ्या रोधावर), तो पूर्ण शक्ती देतो. गाडीत मात्र रिसेप्शन स्वच्छ असूनही एसएसबीवर (आवाज पाठवण्याच्या एका पद्धतीत) बोलताना आवाज थरथरतो आणि जरा जोरात बोलले की डिस्प्ले विझून संच नव्याने सुरू होतो. वीज सध्या लायटरच्या सॉकेटमधून घेतो आणि अँटेना टपावर चुंबकी तळावर आहे. आधीच्या मालकाने मूळ पॉवर केबल कापून दुसरी जोडलेली दिसते. आउटपुट ट्रान्झिस्टर बदलावेत, असे एकाने सुचवले. संच उघडण्यापूर्वी काय तपासावे आणि गाडीतल्या वापरासाठी त्यात कोणते बदल करावेत?

उत्तर १

ट्रान्झिस्टरना तूर्त हात लावू नका. टेबलावर पूर्ण शक्ती मिळते, म्हणजे ते शाबूत आहेत. गाडीतच अँटेनाच्या जागी डमी लोड लावून पाहा. तरीही संच बंद पडत असेल तर दोष वीजपुरवठ्यात आहे, आणि फक्त अँटेनावरच बंद पडत असेल तर अँटेनातून निघणारी आरएफ (रेडिओ लहरींची) ऊर्जा केबलवाटे संचात परत शिरते आहे. एवढ्या एका चाचणीने अर्धा गोंधळ मिटतो.

असा संच पूर्ण शक्तीवर सुमारे २० अँपिअर प्रवाह ओढतो, आणि लायटरचे सॉकेट व त्याची वायर त्यासाठी नसतात. एसएसबीत सरासरी प्रवाह कमी असल्याने फ्यूज टिकतो, परंतु आवाजाच्या प्रत्येक उसळीला व्होल्टेज कोसळते. साध्या मल्टिमीटरला ही क्षणिक घसरण पकडता येत नाही, म्हणून सीडब्ल्यूवर (मोर्सच्या पद्धतीत) कॅरिअर, म्हणजे सलग एकसारखी लहर, सोडून, शक्ती कमीपासून हळूहळू वाढवत, बॅटरीवर नव्हे तर संचाच्या मागच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा.

हिशेब पाहा. केबल ५ मीटर असली तरी प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून तारेची लांबी १० मीटर धरावी लागते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत २० अँपिअरला सुमारे दीड व्होल्ट वाटेतच जातो. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट ०.४ व्होल्टच्या आत राहते. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरीही १२.६ व्होल्टच्या आसपास असते, आणि अशा संचांना बहुधा १३.८ व्होल्टपेक्षा १५ टक्के कमी, म्हणजे ११.७ व्होल्टपर्यंतच चालते. जाड केबल थेट बॅटरीपासून आणा आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवा, कारण तो मुख्यतः त्या लांब वायरच्या संरक्षणासाठी असतो.

उत्तर २

वरील निदान मला मान्य आहे. मात्र हा संच खडबडीत रस्त्यावर जाणार असल्याने आतूनही एकदा पाहावा. भिंगाखाली मोठ्या कॉइल, रिले आणि कनेक्टर यांच्या पिनांभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल चीर दिसली तर तो सोल्डरचा डाग काढून नवा द्यावा. नुसता पुन्हा गरम केल्याने तो फार काळ टिकत नाही. एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवलेले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळलेले असतील तर बोर्डाचे ट्रॅक कुजतात, म्हणून ते बदलावेत आणि नवे १०५ अंश सेल्सिअस सोसणारेच घालावेत. उंच कपॅसिटरना सिलिकॉनचा आधार देताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळा. त्यातील आम्ल तांबे खाते. क्रिंप करायच्या (कनेक्टरमध्ये दाबून बसवायच्या) वायरच्या टोकाला आधी सोल्डर लावू नये, कारण सोल्डर जिथे संपते तिथेच वायर कंपनाने तुटते.

आधीच्या मालकाने केबल बदलली आहे, तेव्हा वीज उलटी जोडली गेल्यास फ्यूज उडवणारा समांतर डायोड जागेवर आहे ना, तेही पाहा. तो एकदा शॉर्ट झाला की काही जण काढून टाकतात आणि नवा घालत नाहीत. मेमरीचा सेल ३ व्होल्टच्या खाली बराच घसरला असेल तर बदला. पण काही जुन्या संचांत संच चालवणारी प्रणालीच (सॉफ्टवेअर) त्या सेलवर टिकलेली असते, म्हणून सेल काढण्यापूर्वी सर्व्हिस मॅन्युअल वाचा.

उत्तर ३

अँटेनाकडे दुर्लक्ष करू नका. ७ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी सुमारे १० मीटर होते. गाडीवरची अडीच मीटरची छडी त्यामानाने फारच आखूड असल्याने तिचा प्रारण-रोध (लहरींच्या रूपात बाहेर जाणारी शक्ती दाखवणारा रोध) एक-दोन ओहमपलीकडे जात नाही आणि बाकीची शक्ती कॉइल व जमिनीच्या रोधात जिरते. म्हणून जुळणीचे सर्किट नसतानाही एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळते ते दाखवणारा आकडा, आदर्श १) अगदी १ दिसला तर आनंद मानू नये. तो तोट्याचाच पुरावा असू शकतो. चुंबकी तळ व्हीएचएफला (३० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना) पुरतो. एचएफला मात्र बॉडीशी धातूचा पक्का जोड हवा, आणि बॉनेट, डिकी व एक्झॉस्टही पट्टीने चेसिसशी जोडावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. गाडीत डमी लोडवरही ५० वॅटच्या पुढे डिस्प्ले विझतो. त्या वेळी बॅटरीवर १२.४ व्होल्ट असतात, पण संचाच्या कनेक्टरवर जेमतेम १०.८ व्होल्ट दिसतात, आणि जोडलेल्या केबलचा सांधा हाताला गरम लागतो. नवी केबल टाकतो आहे. ऋण वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलला जोडावी का?

उत्तर १

नव्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि वायर थेट टर्मिनलवर नेल्यास त्याचे गणित चुकते. बॅटरीची पट्टी जिथे चेसिसला बोल्टने जोडली आहे, तिथेच रंग खरवडून ऋण वायर लावा. सांधा गरम होत होता, म्हणजे तेवढी केबल कापूनच टाका. त्यानंतरही कमी-जास्त होणारी शिट्टी इंजिनच्या वेगाबरोबर ऐकू आली तर अल्टरनेटरकडे वळू.