जुनं घर पाडायला ठेकेदार कसा निवडला? अनुभव सांगा

माडीवाला: आज गल्लीत जेसीबीनं एक मातीचं घर पाडलं अन् आजोबांचं घर आठवलं. सागाचे खांब, वर कवेलू. पहिला ठेकेदार म्हणे फुकटात पाडून देतो, लाकूड माझं. बाबा तयार झालते, आई म्हणाली आधी सुताराले दाखवा. त्यानं खांब पटाशीनं जरासा तासला, वरून काळाठिक्कर पण आतून सोनेरी, तेलाचा वास, वाळवीचा पत्ता नाही. मग दुसऱ्याले पैसे देऊन पाडलं, लाकूड ठेवलं. घरकुलासाठी बरेच जण पाडून राहिले सध्या, तुमचं लिहा.

संत्रावाली: फुकटवाला नकोच. आमच्याकडचा लाकूड, टिन सगळं घेऊन गेला अन् मलबा तसाच. ट्रॅक्टर आम्हालेच लावा लागला. घरकुलाचे मूळ 1 लाख 20 हजार, तेही हप्त्यानं, मलब्यातच पैसा गेला तर पायवा कशानं भरायचा सांगा

पुलगावकर: सामायिक भिंत असली तर शेजाऱ्याशी आधी बोला भाऊ. काकाच्या घराले जेसीबीवाला म्हणे काही होत नाही. काकानं त्याले परत पाठवलं. दुसऱ्यानं शेजाऱ्याच्या बाजूनं बल्ल्यांचा टेकू दिला, भिंतीजवळचा भाग सब्बलनं हातानं काढला, मगच मशीन. पैसे जास्त गेले पण आजही दोन्ही घरचं येणंजाणं हाय

धानवाला: मीटरचं कोणी बोललंच नाही. महावितरणमध्ये अर्ज देऊन खांबावरून लाइन तोडून घ्या. घरातला मेन स्विच बंद केला तरी सर्विस वायरमध्ये करंट असतेच

मीनाताई: भाकरी टाकता टाकता लिहून राहिली. ठेकेदाराच्या चालू कामावर जाऊन पाहा बाप्पा. आधी कवेलू, मग फाटे (छपराची लाकडं), मग भिंत असा वरून खाली येत असेल तर माणूस बरा. खालून भिंत कोरून पाडणारा असेल तर तिथूनच परत या, आमच्या गावचा एक मजूर अशाच भिंतीखाली गेला, त्याचं लेकरू तेव्हा पाळण्यात होतं. मजुराची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी आहे का तेही विचारा, 1996 च्या कायद्यात पाडकामही येते

संत्रावाली: अरे देवा 😔 ताई, सासूबाईंचा गुडघा कसा आहे आता?

मीनाताई: चालतात थोडं थोडं. तुमच्या संत्र्याची फळगळ थांबली का?

धानवाला: सिमेंटचे जुने पत्रे असतील तर फोडू देऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस असते, धूळ छातीत बसते. पाणी मारून अख्खे उतरवा

माडीवाला: हे मस्त सांगितलं. अजून एक, लाकूड कोणाचं, मलबा कोण उचलणार, शेजाऱ्याची भिंत गेली तर भरपाई कोणाची, सगळं आधी लिहून सही घ्या. स्टॅम्प पेपर आता 500 चा लागते पण वाया जात नाही. सागवान दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर आधी वनविभागात विचारा, नाहीतर गाडी नाक्यावर अडकते

नवीन_घरकुल: आर्वीकडे कोणी भरवशाचा आहे का? पावसाच्या आधी पाडायचं आहे, एक भिंत आताच पोट काढून राहिली

पुलगावकर: त्या भिंतीजवळ कोणाले झोपू देऊ नका आधी. काकाले विचारून नंबर पाठवतो