‘सुचणे’ : मला की मी?

परवा भांडी घासताना एक ओळ सुचली. हात साबणाचे, वही दुसऱ्या खोलीत. हात पुसून वहीपर्यंत पोचेतो ओळ गेली होती, पण ती आठवण्याच्या खटपटीत ‘सुचणे’ हे क्रियापदच डोक्यात बसलं.

मी लिहितो, मी वाचतो, मी खोडतो (हे सगळ्यात जास्त). या सगळ्या ठिकाणी कर्ता मी. पण सुचतं मात्र ‘मला’. ओळ सुचली, शेवट सुचला, नाव सुचलं : क्रियापद त्या सुचलेल्या गोष्टीच्या लिंगावचनाप्रमाणे चालतं, माझी दखलही घेत नाही. मला शिंक येते, मला ताप येतो, मला झोप येते, त्याच रांगेतलं हे प्रकरण. ‘लिही’ म्हणून कुणी दरडावू शकतं, ‘सुच’ असं नाही म्हणता येत. फार तर ‘सुचू दे रे बाबा’.

याचं प्रयोजक रूप करावं तर ‘सुचवणे’. तिथे कर्ता लगेच हजर होतो. म्हणूनच की काय, सुचवणारे पैशाला पासरी. लेखाचा शेवट बदल असं मला तिघांनी सुचवलंय. काय करू, हे तिघांपैकी एकालाही सुचलेलं नाही.

मूळ संस्कृतातलं. ‘सूचयति’ म्हणजे दाखवून देतो, निर्देश करतो. सूचना, सूचक, सूचित ही सगळी त्याच घरातली मंडळी. ‘सूचि’ म्हणजे सुई, आणि पुस्तकाच्या शेवटी असते तीही सूचीच. सुचण्यात ते जरासं टोचणं असतंच म्हणा.

‘स्फुरणे’ जवळचं, पण जरा ऐटीतलं. स्फुरण्यात मुळात थरथरणं आहे. बाहू स्फुरतात, डोळा स्फुरतो. कविता स्फुरली असं म्हणता येतं. पण किल्ली कुठे ठेवली असेल ते बघायला सांदीत हात घालावा, हे आपलं साधं सुचतंच. मी स्वतःच्या लेखनाबाबत ‘स्फुरलं’ म्हटलं की घरातले हसतात, त्यामुळे तो शब्द बंद. आणि ‘डोक्यात येणे’ जपून वापरावं : डोक्यात येते ती कल्पना, डोक्यात जातो तो माणूस.

खरी गंमत नकारात आहे. ‘काही सुचत नाही’ असं कोरा कागद समोर घेऊन बसलेला म्हणतो. वाईट बातमी ऐकून हातपाय गळालेलाही तेच म्हणतो, त्याचं बहुधा ‘काही सुचेना’ होतं. आणि चांगली कादंबरी हाती लागलेल्या वाचकाबद्दलही आपण म्हणतो, ‘पुस्तकापुढे हिला दुसरं काही सुचत नाही.’ लिहिणाऱ्याची नामुष्की आणि वाचणाऱ्याची समाधी, वाक्य जवळपास एकच! फक्त ‘पुढे’ जोडलं की झालं.

भांडणात बिनतोड उत्तर घरी परतल्यावर आठवतं, त्याला ‘उशिरा सुचलेलं शहाणपण’ आहेच. पण माझा प्रश्न उलट आहे : वेळेवर सुचून लिहिण्याआधी गेलेल्याला काय म्हणायचं? ‘निसटलं’ म्हणावं तर आधी हातात यायला हवं, आणि हातात तर साबण होता. ‘हुकलं’ म्हणावं तर मी नेम कुठे धरला होता? ‘विसरलो’ म्हटलं की पुन्हा कर्ता मी, म्हणजे दोषही माझाच. तो टाळणारा एखादा शब्द तुमच्याकडे आहे का?