सुट्टीत अनोळखी तळ्यात गटाबरोबर पोहायचं आहे. टँकची सवय पुरेल का?

निळी_लेन:
नमस्कार मंडळी. सुट्टीला जिथे जाणार आहे तिथे एक मोठं तळं आहे. रविवारी सकाळी तिथली हौशी मंडळी जमून पोहतात. स्पर्धा नाही, नावनोंदणी नाही, बाहेरच्यांनाही सामील करून घेतात. काठापासून लांबच्या बोयापर्यंत, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणेपर्यंत, जाऊन परत यायचं, एकूण दीड किलोमीटर. पाणी १७-१८ अंश सेल्सिअस असतं म्हणे. २५ मीटरच्या टँकमध्ये फ्रीस्टाईलने ६० लेंथ मी न थांबता करते. उघड्या पाण्याचा अनुभव शून्य. तेवढ्या दमावर हे झेपेल का? वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा रबरी पोशाख, भाड्याने घ्यावा का? आणि नेमकं बिघडतं काय, ते जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पाणकावळा:
दम पुरेल, पण पहिल्याच खेपेला दीड किलोमीटर धरू नका.

आधी अंतराचा हिशोब. ६० लेंथमध्ये ५९ वेळा भिंतीला पाय लावून ढकलता. प्रत्येक ढकलीत चार मीटर जरी फुकट मिळाले तरी जवळपास २४० मीटर तुम्ही हात न मारताच जाता, शिवाय दर भिंतीशी स्नायूंना क्षणभर उसंत मिळते. तळ्यात यातलं काही नाही. त्यात नवखा माणूस सरळ रेषेत जात नाही, नागमोडी जाण्यात शंभर-दोनशे मीटर सहज वाढतात. म्हणून ७०० ते ८०० मीटर धरा, तेही काठाला समांतर. बोया गाठण्याचा हट्ट नको. निघतानाच गटाला सांगून ठेवा की तुम्ही निम्म्यातून वळणार आहात, म्हणजे कुणी शोधत बसणार नाही.

आता थंडीचं. हा भाग नीट वाचा, कारण उघड्या पाण्यातले वाईट प्रसंग बहुधा अंतरामुळे नाही, पहिल्या तीन मिनिटांत घडतात. टँकचं पाणी साधारण २६ ते २८ अंश असतं. त्या सवयीचं अंग १७ अंशांत एकदम गेलं की त्वचेला बसलेल्या गारठ्याने आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. तो रोखणं आपल्या हातात नसतं. नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पाणी थेट घशात जातं. पाठोपाठ श्वास भराभर चालू लागतो, नाडी आणि रक्तदाब चढतात, आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही वाटतं की आपल्याला पोहताच येत नाहीये. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सगळ्यात तीव्र असतं. दोन-तीन मिनिटांत ओसरतं, फक्त तेवढा वेळ द्यावा लागतो.

म्हणून उडी नाही, सूर तर मुळीच नाही. खाली दगड आहे की गाळ, हेही दिसत नाही. चालत कमरेपर्यंत जा. मनगटांवर, मानेवर, चेहऱ्यावर पाणी मारा. मग खांद्यापर्यंत बुडून उभ्या राहा आणि श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. लांब, सावकाश सोडायचा, आत आपोआप येतो. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं की चेहरा पाण्यात घालून बुडबुडे सोडा, आठ-दहा वेळा. त्यानंतर पाय टेकेल अशा खोलीत पन्नासेक हात मारून या, आणि मगच गटाबरोबर निघा. बाकीचे लगेच निघाले तर निघू देत.

मध्येच धाप लागली तर हात मारत राहू नका. उताणं व्हा, कान पाण्यात, छाती वर, हात पसरलेले, पाय अगदी हलके. मिनिटभरात श्वास ताळ्यावर येतो.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थंड पाण्यात जाऊ नये. गार झालेली त्वचा हृदयाचे ठोके वाढवते, आणि पाण्यातला चेहरा व रोखलेला श्वास ते कमी करतो. दोन्ही संदेश एकाच वेळी गेले की ठोक्यांची लय बिघडू शकते.

काठावरची:
वेटसूट घ्याच. अंदाजासाठी सांगते, वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या जलतरणाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत खुल्या पाण्याच्या स्पर्धेला १६ अंशांखाली परवानगीच नाही आणि १८ च्या खाली वेटसूट सक्तीचा आहे. तेही कसलेल्या स्पर्धकांसाठी. शिवाय वेटसूट तरंगवतो, नवख्याला तो आधार ऊबेइतकाच मोलाचा.

पण भाड्याने घेताना पोहण्याचाच मागा. सर्फिंगचा किंवा डायव्हिंगचा गळ्यात मारला जातो, त्यात खांदे फिरत नाहीत. पोहण्याचा बाहेरून गुळगुळीत असतो, खांद्याला दीड-दोन मिलिमीटर आणि छाती-मांड्यांना चार-पाच मिलिमीटर जाड.

घालायला दहा मिनिटं हातात ठेवा. पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय सरकवा, पटकन जातो. घोट्यापासून वर चिमटीचिमटीने ओढत या, नखांनी नाही, नख लागलं की निओप्रिन, म्हणजे सूटचं रबर, फाटतं. जांघेत अजिबात पोकळी राहता कामा नये. तिथे दोन बोटं सैल राहिला तर वरचा भाग खाली ओढला जातो, आणि दर हाताला तुम्ही रबराशी झुंजत राहता. तीनशे मीटरमध्ये खांदे भरून येतात आणि लोक दोष आपल्या तयारीला देतात.

गळा घट्ट हवा, पण गिळताना अडता कामा नये. घट्ट गळपट्टी आणि गार पाणी एकत्र आलं की गुदमरल्यासारखं होतं, आणि घाबरगुंडी बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. पाण्यात शिरल्यावर गळा हाताने ओढून थोडं पाणी आत घ्या, सूट अंगाला बसतो आणि दाब हलका होतो. मानेला मागे काचतं, तिथे वेटसूटसाठीचं वंगण लावा. पेट्रोलियम जेली नको, निओप्रिन खराब होतं.

बाकी सामान थोडंच. भडक नारिंगी किंवा गुलाबी कॅप, कारण पाण्यावर दिसतं ते फक्त डोकं. निळी, काळी, पांढरी कॅप लाटांत हरवते. सकाळचं तिरपं ऊन असेल तर गडद काचेचा गॉगल, ढगाळ असेल तर पारदर्शक. थंड पाणी कानात गेलं की काहींना गरगरतं, त्यांनी इअरप्लग लावावेत.

आणि टो फ्लोट, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला दोरीने बांधलेला फुगा. काठावरच कडक फुगवा, झडप दाबून हवा निसटत नाही ना ते बघा. बोटवाल्यांना तुम्ही दिसता ते त्याच्यामुळे, आणि दमल्यावर त्याला छातीशी धरून थांबता येतं. मात्र ते लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर अंतर वाढवू नये.

होकायंत्र:
वर नागमोडी जाण्याचा उल्लेख आला, त्याची तयारी टँकमध्येच होते. तळ्यात खाली काळी पट्टी नसते. बहुधा हातापलीकडचं काही दिसत नाही, नुसता हिरवट काळोख. पहिल्यांदा त्यानेच माणूस बिचकतो, तेव्हा हे आधीच माहीत असलेलं बरं.

दर सहा ते आठ हातांनी समोर बघायचं. पुढचा हात पाणी दाबू लागला की फक्त डोळे पाण्यावर येतील एवढंच कपाळ उचला, बघा, आणि त्याच ओघात मान बाजूला वळवून श्वास घ्या. समोर बघत श्वास घ्यायला गेलात तर डोकं जास्त वर येतं, पाय खाली जातात, वेग मरतो आणि मान दुखते. एका नजरेत नाही दिसलं तर पुढच्या हाताला परत बघा, थांबायची गरज नसते.

खूण बोयाची धरू नका. लाटेमागे तो दिसेनासा होतो. त्याच्या मागचं उंच, न हलणारं काहीतरी हेरा: मनोरा, एकटं झाड, डोंगरातली खिंड. निघण्यापूर्वी परतीचीही खूण ठरवा, कारण पाण्यातून काठ निराळाच दिसतो आणि ऊन डोळ्यांवर येऊ शकतं. पुढच्याच्या पायांमागून आंधळेपणाने जाऊ नका, तोही भरकटलेला असू शकतो.

टँक रिकामा असेल तेव्हा डोळे मिटून दहा हात मारून बघा. कुठल्या बाजूला सरकता ते कळेल. जो एकाच बाजूला श्वास घेतो तो बहुधा एकाच बाजूला वाहवतो. दोन्ही बाजूंनी श्वास घेता येत असेल तर वाऱ्याकडे पाठ करून घ्यायची सोय राहते, लाट तोंडात येत नाही.

निळी_लेन:
मनापासून आभार, एवढं बारकाईने कुणी सांगत नाही. दोन शंका उरल्या. अनोळखी गट भरवशाचा आहे का हे कसं ओळखायचं? आणि पाण्यातल्या वेली, शेवाळ, घाण यांचं काय?

संथ_लाट:
गटाला एकच प्रश्न आधी विचारा: पाण्यात किती गेले आणि किती बाहेर आले, हे कोण मोजतं? उत्तर नसेल तर त्यांच्याबरोबर पोहू नका, माणसं कितीही चांगली असोत. मोजणारं कुणी असेल तर पुढचं विचारा. सगळ्यात मागे कोण राहतं, मध्येच बाहेर पडायला काठ कुठे सोपा आहे, मोटरबोटी कुठून जातात, मदतीची खूण काय. बहुतेक ठिकाणी एक हात उंच करून हलवणं म्हणजे ‘मदत हवी’, तरी विचारून घ्या. आणि लवकर बाहेर पडलात तर कुणाला तरी तोंडाने सांगूनच जा, नाहीतर तुम्ही हॉटेलात आणि इथे लोक पाण्यात तुमचा शोध घेतायत असं होतं.

वेलींनी पाय धरला असं वाटलं की लोक जोराने लाथा मारतात, आणि त्यानेच त्या जास्त गुंडाळतात. पाय थांबवा, आडवं राहा, हातांनी हळू वल्हवत आल्या वाटेने मागे फिरा. गुंडाळलेली वेल हाताने सोडवली की सुटते.

शेवाळात नील-हरित प्रकार खरा धोक्याचा. काठाशी हिरवा रंग सांडल्यासारखा थर किंवा पाण्यात हिरवे कण दिसले तर त्या दिवशी पोहणं रद्द. त्यातल्या विषाने पुरळ, उलट्या, यकृताला इजा होऊ शकते, आणि नुसतं बघून विषारी-बिनविषारी ठरवता येत नाही. वाऱ्याने तो थर एका काठाला साचतो, म्हणून दुसऱ्या काठाचं स्वच्छ पाणी बघून निर्धास्त होऊ नका.

जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस जाऊ नये, शेतातलं आणि गटारातलं सगळं तळ्यात येतं. उघडी जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती, तेव्हा वॉटरप्रूफ पट्टी लावा किंवा त्या दिवशी काठावरच थांबा. धरणाचं तळं असेल तर सांडवा आणि पाणी उपसणाऱ्या जागांच्या जवळपासही नको. गडगडाट ऐकू आला की लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात नाही.

अजून एक, वारा. तो वरचं कोमट पाणी ढकलत समोरच्या काठाला नेतो आणि ज्या बाजूने सुटतो तिथे खालचं गार पाणी वर येतं. म्हणून कालचं तापमान आज त्याच जागी असेलच असं नाही. साधा तरंगता थर्मामीटर गटाकडे असतोच, निघण्यापूर्वी मोजायला सांगा.

पाणकावळा:
बाहेर आल्यानंतरचं राहिलं. पाण्याबाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान दहा ते तीस मिनिटं उतरत राहतं, त्यामुळे बरं वाटत असतानाच हुडहुडी भरते. गप्पा नंतर. आधी ओलं उतरवा, वरचं अंग पुसून वरचे कपडे घाला, मग खालचे, मग टोपी आणि मोजे. बोटं बधिर होतात, म्हणून बटणांचे कपडे नकोत आणि पिशवीत कपडे घालायच्या क्रमानेच रचून ठेवा. गरम, गोड काहीतरी घोटाघोटाने प्या. कढत शॉवर लगेच नको, चक्कर येऊन पडायला होतं. कुडकुडणं थांबेपर्यंत गाडी चालवू नका. पाण्यातच बोलणं जड झालं किंवा बोटं जुळेनाशी झाली तर ती बाहेर पडायची वेळ, उरलेलं अंतर कितीही कमी असो.

अंग लगेच कोरडं पुसण्याचा आणखी एक फायदा आहे. उथळ, गवताळ काठाला गोगलगायींमधून येणारे सूक्ष्म जंतू त्वचेत शिरून खाज आणतात. पाण्याबरोबर ते पुसले गेले तर त्रास कमी होतो.

सूट, फ्लोट आणि कॅप दुसऱ्या तळ्यात नेण्यापूर्वी चिकटलेले वेलींचे तुकडे काढा, धुवा आणि पूर्ण वाळवा. एका तळ्यातली आक्रमक वनस्पती दुसऱ्यात पोचायला एवढासा तुकडा पुरतो. सूट भाड्याचा असला तरी परत देण्याआधी हे करा.